९ मे २०१३ पासून मेजर

सेंट-ओबेन
२२ जानेवारी २०१७

मीरेय,

बढतीची तारीख बदलून मागणारा तुझा अर्ज लिहून देणाऱ्या वकील कॅप्टनचं पत्र सोमवारी ऑफिसात आलं. मजकूर दोनच ओळींचा. मेजर मीरेय थेरिओ यांची बढतीची फाईल २०१३ साली बटालियनच्या कार्यालयात कोणत्या तारखेला पोचली आणि पुढे कोणत्या तारखेला गेली, ते शपथेवर कळवावं. आपण सख्ख्या बहिणी आहोत हे त्याला ठाऊक नसावं, किंवा असूनही त्याने दाखवलं नाही. थेरिओ आडनावाची माणसं या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात आहेत, म्हणा.

तू स्वतः फोन केला नाहीस, ते मी समजू शकते. पापांना जाऊन सव्वातीन वर्षं झाली. तेवढ्या काळात आपल्यात नाताळची तीन कार्डं झाली, छापील मजकुराखाली नुसती सही असलेली.

कॅप्टनला मी उत्तर देईनच, पण तुला आधी कळावं म्हणून लिहिते. आवक नोंदवहीत तुझी फाईल ४ मार्च २०१३ ला आल्याची नोंद आहे. ८ मार्चला ती राज्याच्या नॅशनल गार्डच्या मुख्यालयाकडे गेली, तिथून वॉशिंग्टनला. मधल्या काळात तुझ्या वैद्यकीय तपासणीची मुदत उलटली, म्हणून ती परत आली, मग नवी तपासणी, नवा फॉर्म, नव्या सह्या. शेवटी मान्यता आली ती ६ मार्च २०१४ ची. तुझ्याबरोबर निवडलेल्या तिघांना ९ मे २०१३ ही तारीख मिळाली. तुला दहा महिने उशिराची.

हा तुझ्यावर अन्याय झाला याबद्दल मला कधीच शंका नव्हती. तारीख मागे गेली तर तुझं नाव पुढच्या वर्षीच्या निवड मंडळापुढे जाईल, आणि डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या बटालियनची कमान रिकामी होईल तेव्हा तुझा विचार होईल. नाही गेली तर पुन्हा तीन वर्षं थांबायचं, आणि तोवर तू राज्याच्या दक्षिणेकडच्या नेमणुकीवर कायमचीच राहशील. हे सगळं मी जाणते. अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करायची मुदत ६ मार्चला संपते, हेही.

पापांच्या घराला अजून गिऱ्हाईक नाही. नळ गोठू नयेत म्हणून दर रविवारी जाऊन भट्टी पेटवते. नदी पार गोठली आहे, पलीकडे कॅनडातले दिवे अगदी अंगणात असल्यासारखे दिसतात.

नोएला

९ फेब्रुवारी २०१७

मीरेय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लांब नव्हतं म्हणून जमलं.

'नोंदवहीत काय आहे ते मला नको सांगू. आमच्या चौघांच्या मुलाखती एकाच दिवशी झाल्या, चौघांनी फाईली एकाच टपालात दिल्या. तिघांच्या १५ फेब्रुवारीला पुढे गेल्या. माझी एकटीची तीन आठवडे बर्फात चालत होती का?'

बरोबर विचारलंस. यावर मला थोडा वेळ हवा आहे. तोवर जे सांगता येतं ते सांगते.

१९ मेचा रविवार, बढतीचा समारंभ. त्या तिघांचे आदेश आले होते, तुझा नव्हता. जुने कर्नल म्हणाले, "हिचंही आजच उरकू या. म्हातारा आलाय ना? कागद काय, आठवड्यात येईल." मी म्हणाले, "सर, आदेशाशिवाय मेजरचं चिन्ह नाही लावता येत." ते म्हणाले, "चीफ, तुम्ही टोपी धरा."

मी टोपी धरली. पापांच्या खुर्चीशेजारी ऑक्सिजनची नळकांडी, त्यांची बोटं सुजलेली. छातीवरची कापडी पट्टी तुझ्या हाताने चिकटव, मी टोपीवरचं धातूचंच लावणार, म्हणून बसले. मेजरचं सोनेरी ओकचं पान दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा पापा एवढ्या मोठ्याने म्हणाले की मागच्या रांगेतली पोरं हसली, "मेजर! आता भांडी कोण घासणार?"

मला तेव्हा माहीत होतं की वॉशिंग्टनला गेलेल्या त्या तिघांच्या यादीत तुझं नाव नाही. 'आठवड्यात' येणं शक्यच नव्हतं. हे मी कर्नलना सांगितलं नाही, तुला नाही, पापांना नाही.

४ जूनला मीच तुला बोलावून ते पान काढायला लावलं. तू शाळेत शिकवून थेट आलीस, हाताला खडू होता. टोपीवरचं पान काढून माझ्या टेबलावर ठेवलंस. पापांना मात्र आपण दोघींनी कळू दिलं नाही. समारंभाआधी ते एकदाच म्हणाले होते, "राज्याने दिलं ना? मग वॉशिंग्टनला विचारायचं कशाला? तिथे कोण ओळखतं हिला?" मी त्यांना समजावलं होतं की राज्याची बढती वॉशिंग्टनने मान्य करेपर्यंत कागदावर नसते. ते हसले होते. "म्हणजे शिजलंय, पण वाढलं नाही."

आणि ती मृत्युवार्ता. 'मागे दोन मुली, चीफ वॉरंट ऑफिसर नोएला आणि कॅप्टन मीरेय.' मी लिहिली. पापा गेले तेव्हा, ३० ऑक्टोबरला, तू कॅप्टनच होतीस. शवपेटीच्या खोलीत तू वर्तमानपत्राची घडी हातात धरून उभी होतीस, आणि म्हणालीस, "त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं, नोएला."

मी म्हणाले, "आदेश नव्हता."

"मेलेल्या माणसासमोरही तू कागदच तपास."

त्यावर मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. मी म्हणाले, चूक छापून येण्यापेक्षा बरं. एवढी वर्षं मी हेच धरून बसले आहे, की मी खरं तेच छापलं.

नोएला

१९ फेब्रुवारी २०१७

मीरेय,

आता सांगते. चार मसुदे फाडले, कारण प्रत्येकात मी थोडी बरी दिसत होते.

तुझी फाईल ११ फेब्रुवारी २०१३ ला, सोमवारी, माझ्या टेबलावर आली. इतर तिघांच्या बरोबरच. नोंदवहीतली ४ मार्च ही मी तिथे लिहिलेली तारीख आहे, फाईल आल्याची नव्हे.

आदल्या दिवशी, महिन्याच्या ड्रिलच्या रविवारी, जेवणाला बुशे सार्जंट माझ्यामागे ताट घेऊन उभा होता. त्याला कळलं होतं चौघांत तू आहेस. तो म्हणाला, "चीफ, आता बटालियनचं नावच बदला. थेरिओ आणि कन्या." सगळे हसले. मीही हसले. बुशे वाईट माणूस नाही, त्याच्या जागी मीही म्हणाले असते. पण ते दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सोमवारी चार फाईली समोर होत्या. मी तुझी सगळ्यात खाली ठेवली.

तुला पापांची रांग आठवते. बावीस वर्षं त्यांनी गार्डच्या मुदपाकखान्यात डाव धरला. आधी नवे शिपाई, मग जुने, मग सार्जंट, शेवटी अधिकारी. आणि छावणीच्या कौटुंबिक दिवशी आपण दोघी गेलो की अधिकाऱ्यांच्याही मागे. "माझ्या पोरी शेवटी." भूक लागलेली असायची, पण मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. मी तेच केलं, असं मला वाटलं. माझी बहीण शेवटी. आठवड्याभराने पाठवू, मग कुणी नाव ठेवणार नाही.

फाईल नोंदवली की पाच दिवसांत पुढे पाठवावी लागते. म्हणून मी ती नोंदवलीच नाही. हे मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. तिघांच्या १५ ला गेल्या. पुढच्या आठवड्यात बर्फाने ऑफिस दोन दिवस बंद, मग पापांना दवाखान्यात हलवलं. २८ फेब्रुवारीला यादी बंद झाली. मार्चच्या ड्रिलला तू दारात उभी राहून विचारलंस, "गेली का गं माझी?" मी म्हणाले, "रांगेत आहे." दुसऱ्या दिवशी नोंदवली. पुढे तपासणीची मुदत उलटली, ते सगळं त्या तीन आठवड्यांमुळे. दहा महिने वॉशिंग्टनला शिव्या देणाऱ्या तुझ्यासमोर मी बसून मान डोलवत होते.

माझ्या डायरीत ११ फेब्रुवारीचं पान आहे. 'एम.ची फाईल आली. चौघांत सगळ्यात खाली ठेवली. कुणी म्हणायला नको.' फाईल त्या दिवशी माझ्याकडे होती याचा एवढाच पुरावा उरला आहे. तुझ्या दुरुस्ती मंडळाला तो चालेल.

पण त्याच पानावर त्याखाली आणखी दोन ओळी आहेत. 'पापा दिवसभर तिच्याबद्दलच बोलत होते, मेजर होणार म्हणून. मी त्यांचे पाय धुतले.'

या दोन ओळींमुळे मी फाईल खाली ठेवली का? मी चार वर्षं स्वतःला विचारते आहे. फाईल सकाळी आली, पापांचे पाय मी संध्याकाळी धुतले. पण पापा तसं आठवडाभर आधीपासून बोलत होते. मला माहीत नाही, मीरेय. मला खरंच माहीत नाही, आणि 'माहीत नाही' म्हणणं ही पळवाट आहे का, तेही कळत नाही.

नोएला

२७ फेब्रुवारी २०१७

मीरेय,

तुझा फोन आला तेव्हा मी पापांच्या घरी भट्टीपाशी होते. तू जे म्हणालीस ते मी घरी येऊन लिहून ठेवलं, आता इथे उतरवते. मी चुकीचं ऐकलं असेल तर सांग.

"पापांची रांग मध्ये आणू नकोस. पापा शेवटच्या माणसाचं ताट आधी बाजूला काढून ठेवायचे. झाकण घालून, चुलीच्या मागे. तू रांगेत पुढे बघत उभी असायचीस, तुला दिसलं नसेल. मला दिसायचं."

मला ते कधी दिसलं नव्हतं. तू म्हणालीस तेव्हा मात्र झाकणावरचा पोचा डोळ्यांसमोर आला, म्हणजे पाहिलं असणार.

मग तू म्हणालीस, "तू हे सांगितलं नसतंस, तर त्या बातमीबद्दल मी तुला कधीतरी माफ केलं असतं. आता कशाकशाबद्दल करू?"

आणि शेवटी, "मंडळाला तारीख दे. कारण देऊ नकोस. त्या दोन ओळी झाकून प्रत काढ. कारण माझ्यापाशी राहू दे."

त्या दोन ओळी झाकण्याबद्दल मी कॅप्टनला विचारलं. तो म्हणाला, झाकता येतील, हरकत नाही. मी ऑफिसात प्रत काढली, दोन ओळींवर काळी पट्टी ओढली, आणि बघत बसले. माझ्या टेबलावर असं पान आलं असतं तर मी काय म्हणाले असते? खाली काय लपवलंय, हेच म्हणाले असते. आणि तारखेवरही विश्वास ठेवला नसता. तुझा सगळा अर्ज त्या एका पानावर उभा आहे. मी पट्टी न ओढलेली प्रत जोडली, आणि शपथपत्रात लिहिलं की फाईल माझ्याकडे ११ फेब्रुवारीला पूर्ण आणि बिनचूक आली होती, उशीर माझा आहे, उमेदवाराचा नाही.

तू नको म्हणालीस तेच मी केलं, हे मला कळतं. या वेळी मी खात्रीने सांगू शकते की ते चांगलं दिसावं म्हणून केलेलं नाही. त्या पानावर मी चांगली दिसत नाही.

टपालात टाकण्याआधी हॅन्स्कम सरांना दाखवणं भाग होतं. कमान सध्या त्यांच्याकडे आहे, तुला माहीतच आहे. त्यांनी चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"चीफ, याच्यावर मला लेखी ताकीद द्यावी लागेल. तुमच्या सेवापुस्तकात जाईल."

"द्या, सर."

"तुम्हीच टाईप करता ना या ताकिदी?"

"हो, सर."

"मग कराच. आणि नोंदवा आजच्या तारखेला."

बाहेर आले तर बुशे कॉफीच्या यंत्रापाशी. त्याला सगळं आधीच कळलेलं. इथे भिंतींना कान नाहीत, बुशे आहे. तो म्हणाला, "ते मी थट्टेत म्हणालो होतो, चीफ."

मी म्हणाले, "माहीत आहे. तुझी चूक नाही."

"मग मला का वाटतंय तसं?"

त्याला कॉफी ओतून दिली.

अर्ज तीन मार्चच्या आत वॉशिंग्टनला पोचेल. पोचपावती तुलाच येईल.

नोएला

२२ एप्रिल २०१८

मीरेय,

दुरुस्ती मंडळाच्या निर्णयाची प्रत शुक्रवारी बटालियनला आली. तुला तुझी मिळाली असेलच. तरी मी शेवटचं वाक्य इथे लिहिते, कारण मला ते लिहायचं आहे. 'अर्जदाराच्या अभिलेखात अशी दुरुस्ती करावी की मेजर पदावरील बढती ९ मे २०१३ पासून अमलात आली.'

मी ते सेवापत्रकात स्वतः भरलं. मग हॅन्स्कम सरांकडून तपासून घेतलं, कारण तुझे कागद मी एकटीने हाताळायचे नाहीत असं आम्ही गेल्या वर्षीच ठरवलं आहे. सप्टेंबरच्या निवड मंडळाच्या यादीत तुझं नाव आलं. अकरावं. आडनावाच्या वर्णक्रमाने, माझा हात नाही.

निवड मंडळ काय करेल ते मी सांगू शकत नाही. तुला कमान मिळाली तर मला इथून जावं लागेल, बहिणीच्या हाताखाली हे टेबल ठेवता येत नाही. निवृत्तीचा अर्ज भरून ठेवला आहे, तारखेची जागा रिकामी ठेवून. त्याचं ओझं वाटून घेऊ नकोस. चोवीस वर्षं पुरेत.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. निर्णय वाचला तेव्हा मला फक्त यादी दिसत होती. शनिवारी भांडी घासताना एकदम सुचलं, आणि ओल्या हातांनी जाऊन कॅलेंडर काढलं, जणू काही ते बदललं असेल. पापांनी पान लावलं १९ मेला. तू मेजर झालीस ९ मेला.

म्हणजे त्या दिवशी टोपी धरून मी जे बघत होते, ते नियमाला धरून होतं. पापांना कुणी फसवलेलं नव्हतं. ४ जूनला मी एका मेजरला तिचं पान काढायला लावलं. आणि ३० ऑक्टोबरला तू कॅप्टन नव्हतीस. मी छापलेलं खोटं होतं.

सोमवारी मी साप्ताहिकाच्या कचेरीत जाईन.

नोएला

३ मे २०१८

मीरेय,

कात्रण सोबत जोडलं आहे. पान सात, खतांच्या जाहिरातीखाली. जागा अशी का, ते सांगते.

संपादक अजून तेच, डॅगल. मी जुना अंक पुढे ठेवला तर म्हणाले, "बाई, साडेचार वर्षांपूर्वीची मृत्युवार्ता? आम्ही दुरुस्ती पुढच्या दोन अंकांत छापतो. फार तर तीन."

मी म्हणाले, "चूक गेल्या शुक्रवारी झाली."

"अंकावर तर दोन हजार तेरा आहे."

मी त्यांना मंडळाचा निर्णय दाखवला. ते नाकावर चष्मा ठेवून खालपर्यंत वाचत गेले. मग म्हणाले, "लेओन्स थेरिओ म्हणजे मुदपाकखान्यातले? त्यांनी मला एका जेवणाला तीनदा वाढलं होतं. मी शिपाई होतो, अठरा वर्षांचा." मग पेन्सिल काढली. "सांगा. पण जागा शेवटून दुसऱ्या पानावरच मिळेल."

त्यांनी विचारलं, चूक कुणाची म्हणून लिहायचं, वर्तमानपत्राची का? मी म्हणाले, मजकूर देणारीची. त्यांनी तसं लिहिलं.

'दुरुस्ती. दि. ६ नोव्हेंबर २०१३ च्या अंकातील कै. लेओन्स थेरिओ यांच्या मृत्युवार्तेत त्यांच्या धाकट्या कन्येचा हुद्दा कॅप्टन असा छापला होता. त्या वेळी त्या मेजर होत्या. मजकूर देणाऱ्या थोरल्या कन्येकडून ही चूक झाली.'

एक प्रत पापांच्या घरी फ्रीजवर लावली आहे. गिऱ्हाईक आलं तर विचारेल, हे काय. विचारू दे.

नोएला

१७ जून २०१८

मीरेय,

तुझं कार्ड काल मिळालं. या वेळी छापील मजकूर नाही. एकच ओळ आहे, ती मी डायरीत उतरवली नाही, कार्डच आत ठेवलं.

'ते पान अजून तुझ्याकडे आहे का? असेल तर टपालाने पाठवू नकोस.'

आहे. ४ जून २०१३ ला तू टेबलावर ठेवलंस, त्याच दिवशी मी ते छोट्या पाकिटात घातलं, नोंदवहीच्या मागच्या पानावर एक ओळ केली. वस्तू, कुणाकडून, कोणत्या तारखेला. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून ते केलं. पाकीट खणातच आहे. पानाची मागची टाचणी थोडी वाकलेली आहे, ती पापांच्या हातून पडलं तेव्हाची. मी सरळ केली नाही.

येशील तेव्हा पापांच्या घरी ये, भट्टी पेटवलेली असेल. कुट्टूच्या पिठाची घावनं करीन, तव्यावरून थेट ताटात. तुला उशीर झाला तर तुझं ताट झाकून मागे ठेवीन.

नोंदवही सोबत आणते. त्या ओळीत 'परत दिलं' या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही. तारीख तू घाल.

नोएला